जुन्या गाडीची खडखड : भाग बदलण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न : माझी मारुती स्विफ्ट (पेट्रोल) २००९ सालची असून १ लाख ४२ हजार किलोमीटर चालली आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुढील ५ वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतल्यामुळे गाडी एवढ्यात विकण्याचा विचार नाही. गेल्या पावसाळ्यापासून खराब रस्त्यावर पुढच्या डाव्या बाजूने खडखड आवाज येतो. एका गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले, तरी आवाज तसाच आहे. दुसऱ्या गॅरेजमध्ये लोअर आर्म, लिंक रॉड, टाय रॉड एंड असे सगळेच एकदम बदलण्याचा सल्ला मिळाला. नेमका दोष कोणत्या भागात आहे, हे स्वतः कसे ओळखावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : आवाज कोठून येतो हे आपण लिहिले आहे, तो केव्हा येतो हे मात्र पत्रात राहून गेले आहे, आणि निदानासाठी तेच अधिक उपयोगाचे असते. गाडीची बॉडी एकसंध पत्र्याची असल्यामुळे डाव्या चाकाजवळचा आवाज कधी उजवीकडून, तर कधी चक्क डॅशबोर्डमागून आल्यासारखा वाटतो. निव्वळ कानावर भरवसा ठेवून शॉकअप बदलले जातात ते यामुळेच. आवाज आला त्या क्षणी चाक काय करत होते, म्हणजे ते वरखाली होत होते, वळत होते, की ब्रेक लागल्यामुळे मागे रेटले जात होते, एवढे आधी ठरवता आले तर आठ-दहा भागांतून दोन किंवा तीनच भाग संशयास्पद उरतात.

त्यासाठी रचना थोडक्यात समजून घ्यावी. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन आहे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून ही पद्धत आपल्याकडे घरोघरी पोचली. त्यापूर्वीच्या ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी, असे. स्ट्रटमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच उभा खांब होतो. त्या खांबाचे वरचे टोक बॉनेटखाली रबरी माउंटिंग आणि बेअरिंग यांच्या साहाय्याने बॉडीला जोडलेले असते, तर खालचे टोक चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागाला, बोल्टने पक्के केलेले असते. नकलला खालून धरून ठेवण्याचे काम लोअर आर्म करतो. त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट आणि आतल्या बाजूला दोन रबरी बुश (सांध्यात धक्के शोषणारी नळकांडी) असतात. याशिवाय डाव्या आणि उजव्या चाकाला एकमेकांशी जोडणारा स्टॅबिलायझर बार असतो, आणि त्याची टोके ज्या छोट्या दांड्यांनी स्ट्रटला बांधलेली असतात त्या म्हणजे लिंक रॉड.

सस्पेन्शनकडे वळण्यापूर्वी दहा मिनिटे इतर गोष्टींना द्यावीत. डिकीतला जॅक, स्टेपनीचा सैल झालेला बोल्ट, बॅटरीची पट्टी आणि बॉनेटचे रबरी ठोकळे यांनी भल्याभल्यांना फसवले आहे. माझ्या स्वतःच्या गाडीची तीन आठवडे चाललेली खडखड अखेर स्टेपनीखाली विसरलेल्या पान्याची निघाली होती. ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना झिजल्या तरी लहान खड्ड्यांवर अगदी लिंक रॉडसारखाच आवाज येतो. त्याची परीक्षा सोपी आहे. आवाज येत असलेल्या रस्त्यावर सावकाश जात असताना ब्रेकचे पेडल पायाने अगदी हलके दाबून ठेवावे; आवाज तत्काळ थांबला तर कॅलिपर आणि पॅड पाहावेत, सस्पेन्शन उघडण्याची गरज नाही.

आता मुख्य चाचणी. दोन्ही चाके एकाच वेळी चढतील अशा रीतीने एखाद्या गतिरोधकावरून अगदी सरळ आणि हळू गाडी न्यावी. त्यानंतर केवळ डावे चाक खड्ड्यातून जाईल, किंवा गतिरोधकावर आधी एक आणि मग दुसरे चाक चढेल, अशा तिरक्या रेषेत न्यावी. दोन्ही चाके बरोबरीने वर जातात तेव्हा स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही, त्यामुळे लिंक रॉडवर फारसा ताणही येत नाही. एकच चाक हलले की बार पिळला जातो आणि लिंक रॉडच्या सांध्यात प्ले (ढिलाई) असेल तर तो वाजू लागतो. म्हणून सरळ गतिरोधकावर शांत असणारी आणि फुटक्या डांबरावर किंवा फरसबंदीवर मंद वेगात खडखडणारी गाडी बहुधा लिंक रॉड अथवा बारचे बुश यांच्याकडे बोट दाखवत असते. आपल्या पत्रातील वर्णनावरून माझा पहिला संशय याच भागावर आहे. शिवाय शॉकअप बदलताना लिंक रॉड सोडून पुन्हा जोडावा लागतो, आणि त्या वेळी त्याचा जुना सांधा आणखी सैल होणे किंवा नट पुरेसा न आवळला जाणे असे प्रकार घडतात.

लिंक रॉड हाताने हलवून पाहताना एक चूक नेहमी होते. जॅकवर एकच चाक उचलले की बारला पीळ बसतो, सांधा ताणलेल्या अवस्थेत घट्ट राहतो आणि प्ले हाताला जाणवत नाही. दोन्ही चाके जमिनीवर असताना, किंवा दोन्ही सारखीच लोंबकळत असताना, रॉड हलवावा. तरीही शंका उरली तर मेकॅनिककडून दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून घ्यावेत, बार दुसऱ्या कोणत्याही भागाला लागत नाही याची खात्री करावी, आणि त्याच गल्लीतून वीसच्या आतल्या वेगाने एक फेरी मारावी. आवाज नाहीसा झाला तर दोष सापडला. या अवस्थेत वळणावर गाडी नेहमीपेक्षा अधिक झुकते, म्हणून हमरस्त्यावर जाऊ नये. लिंक रॉड हा या सगळ्यांतला स्वस्त भाग आहे, त्यामुळे तो आधी तपासण्यात शहाणपणा आहे.

सरळ गतिरोधकावरही दणका ऐकू येत असेल, तर स्ट्रटच्या वरच्या टोकाकडे वळावे. आपण शॉकअप नवे घातले आहेत, पण त्यासोबत वरचे रबरी माउंटिंग, बेअरिंग आणि बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) बदलले होते का, हे बिलावरून पाहावे. पंधरा वर्षांचे रबर नव्या शॉकअपवर तसेच चढवले असेल, तर आवाज जाण्याचे काही कारणच नव्हते. बॉनेट उघडून एकाला स्टेअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगावे आणि माउंटिंगच्या जागी बोटे ठेवावीत. स्प्रिंग अडखळत फिरून एकदम सुटत असेल तर हाताला झटका जाणवतो आणि ‘टण्ण’ असा आवाज येतो. हे बेअरिंग जाम होऊ लागल्याचे लक्षण आहे. अशा गाडीचे स्टेअरिंग वळण संपल्यावर आपोआप सरळ होण्यासही कुरकुर करते.

लोअर आर्मच्या बुशची तक्रार वेगळ्या प्रसंगी उमटते. मोकळ्या जागेत गाडी चालण्याच्या वेगाने पुढे न्यावी आणि ब्रेक दाबावा; मग रिव्हर्समध्ये तितकीच मागे नेऊन पुन्हा ब्रेक दाबावा. दिशा बदलल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला एकच ठसठशीत ‘टक’ ऐकू आला, तर आर्म पुढेमागे सरकत आहे असे समजावे. मात्र क्लच सोडताना, ब्रेकशिवायच, असा ठोका येत असेल तर इंजिनच्या माउंटिंगचा विचार आधी करावा. बुश पाहताना टॉर्चच्या प्रकाशात रबराचा रंग आणि पृष्ठभागावरच्या बारीक भेगा पाहून निर्णय घेऊ नये, कारण वयोमानाने वरवर तडे प्रत्येक रबराला जातात. टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म हलका रेटल्यावर मधली लोखंडी नळी रबरापासून सुटी होते का, किंवा आरपार फट उघडते का, हे पाहावे.

बॉल जॉइंटची तपासणी सर्वांत काळजीपूर्वक करावी, कारण इतर भाग झिजले तर गाडी त्रास देते, पण बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवे पडते. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, कंपनीने दिलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचलावी आणि मग स्टँडवर ठेवावी. विटा, दगड किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. स्ट्रटच्या रचनेत गाडीचे वजन स्प्रिंगमधून वर जाते आणि खालच्या बॉल जॉइंटवर उभा भार नसतो, म्हणून आर्मखाली जॅक न लावता चाक लोंबकळते ठेवूनच ही तपासणी करावी. चाक वरच्या आणि खालच्या कडेला धरून आतबाहेर हलवावे. प्ले जाणवला तर दुसऱ्या व्यक्तीला ब्रेक घट्ट दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबताच प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा, आणि तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा असण्याची शक्यता अधिक. चाक डाव्या-उजव्या कडेला धरल्यावरच प्ले येत असेल, तर स्टेअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीची टोके, म्हणजे बाहेरचा टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड, पाहावीत. सांध्यावर बोट ठेवून दुसऱ्याकडून चाक हलवून घेतले की कोणता सांधा ढिला आहे ते स्पर्शाने कळते. बॉल जॉइंटचे रबरी बूट फाटले असेल तर आज प्ले नसला तरी आतले ग्रीस वाहून जाऊन माती शिरते, आणि आपल्याकडच्या एका पावसाळ्यात तो सांधा संपतो.

आर्म किंवा त्याचे बुश बदलण्याची वेळ आलीच, तर मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगावी. आर्मचे आतले बोल्ट गाडी हवेत असताना केवळ हाताने बसवावेत आणि चाके जमिनीवर येऊन गाडीचे वजन सस्पेन्शनवर पडल्यावरच अखेरचे आवळावेत. लोंबकळत्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी खाली येताच कायमचा पिळला जातो आणि नवे रबर काही महिन्यांतच फाटते. मग दोष सुट्या भागाच्या दर्जावर ढकलला जातो. हे काम झाले की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावी. लिंक रॉड एकटाच बदलला तर तिची गरज नाही.

प्रश्न : माझ्या २०११ सालच्या ह्युंदाई आय१० चे पुढचे डावे टायर आतल्या कडेला गुळगुळीत झाले आहे. वर्षभरात तीनदा अलाइनमेंट केली. गाडी थोडी डावीकडे ओढते आणि ब्रेक लावल्यावर ती ओढ वाढते. मशीनच्या छापील कागदावर मात्र सगळे आकडे हिरव्या रंगात येतात. – एक वाचक, पुणे

उत्तर : कागदावरचे आकडे खोटे नाहीत, ते उभ्या गाडीचे आहेत. झिजलेला बुश उभ्या गाडीत चाकाला जागेवर राहू देतो, आणि ब्रेक लागला की तेच चाक मागे सरकून त्याची दिशा बदलते. ब्रेकबरोबर वाढणारी ओढ आणि एकाच कडेची झीज ही दोन लक्षणे एकत्र आली असल्यामुळे डाव्या लोअर आर्मचे बुश आणि ब्रेक या दोहोंची तपासणी झाल्याशिवाय चौथ्यांदा अलाइनमेंटचे पैसे देऊ नयेत. पंधरा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहावा. रिमला थेट हात लावू नये. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापली असेल तर त्या बाजूचा कॅलिपर पूर्णपणे सुटत नाही.

टायरची झीज नीट वाचता आली तर निम्मे निदान तिथेच होते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असला तर हवा कमी ठेवली गेली आहे. मधलाच पट्टा झिजला तर जास्त. एकच कड सपाट झिजणे बहुधा कॅम्बरमुळे, म्हणजे चाकाच्या उभ्या कलामुळे होते. तळवा टायरवरून आडवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे खरखरीत लागले, तर टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत किंवा बाहेर वळलेला कोन, बिघडलेला असतो. टायरवर ठिकठिकाणी खोलगट चट्टे दिसले तर शॉकअप थकले आहेत आणि चाक रस्त्यावर टिकून न राहता उड्या मारत चालले आहे. आपल्या टायरचा पृष्ठभाग सपाट आहे की करवती, हे आपण लिहिलेले नाही. तेवढे पाहून घ्यावे. या प्रकारच्या बहुतेक गाड्यांत पुढचा कॅम्बर कमीजास्त करण्याची वेगळी सोय दिलेली नसते, म्हणून तो बिघडला असेल तर बुश झिजला आहे किंवा मोठ्या खड्ड्यात स्ट्रट अथवा नकल वाकली आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा. बोल्टची भोके मोठी करून कॅम्बर ‘काढून’ देणारे कारागीर भेटतात. वाकलेला भाग तसाच ठेवून आकडा जुळवण्याचा हा प्रकार आहे. तो करून घेऊ नये.

किंचित डावी ओढ मात्र मनावर घेऊ नये. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच ठेवलेला असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे निरोगी गाडीही स्टेअरिंग सोडल्यास हळूहळू डावीकडे कलते. ओढ टायरचीच आहे का हे पाहण्यासाठी पुढची दोन टायर एकमेकांच्या जागी घालावीत, अर्थात ती एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीची नसतील तरच. ओढीची बाजू बदलली तर सस्पेन्शन निर्दोष आहे.

प्रश्न : सर्व्हिसिंगच्या वेळी शॉकअपवर तेल दिसते म्हणून चारही बदला असे सांगितले. चालवताना मला काही फरक जाणवत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : दांड्याच्या सीलभोवती तेलाचा पुसट ओलावा आणि त्यावर बसलेली धूळ हे जुन्या शॉकअपमध्ये सर्वसाधारण आहे. वरपासून खालपर्यंत ओघळ उतरून त्यावर चिखलाचा थर जमला असेल, तर सील गेले. फडक्याने पुसून घ्यावे, आठवडाभर गाडी वापरावी आणि पुन्हा पाहावे. बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची लोकप्रिय परीक्षा एकतर्फी आहे : गाडी दोन-तीनदा हेलकावे खात राहिली तर शॉकअप नक्की संपला, पण लगेच स्थिरावली म्हणून तो चांगला ठरत नाही, कारण जुन्या रबरांचे आणि सांध्यांचे घर्षणही तिला थांबवते. बदलायचेच झाले तर एका ॲक्सलची जोडी बदलावी. पुढचे गळतात म्हणून मागचे काढून टाकण्याचे कारण नाही.

प्रश्न : चार माणसे आणि सामान घेऊन निघाले की माझ्या जुन्या हॅचबॅकची मागची बाजू बसते आणि गतिरोधकाला खालून घासते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफर बाजारात मिळतात. ते घालावेत का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी मोजमाप करावे. रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करावी. एकच बाजू खाली असेल तर स्प्रिंग तुटलेली असण्याची शक्यता बरीच आहे. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत स्प्रिंगवरचा रंग उडाला की गंज शिरतो आणि बैठकीत बसलेले अगदी खालचे किंवा वरचे वेटोळे तुटते. तुटका तुकडा तिथेच अडकून राहिल्यामुळे वरवर पाहणाऱ्याला स्प्रिंग धडधाकट दिसते. हाताने चाचपडून वेटोळ्याचे टोक शोधावे. ते कापल्यासारखे नीट आहे की मोडल्यासारखे दातेरी, एवढ्यावरून उलगडा होतो. मोडलेले टोक टायरला लागून टायर फाटण्याचा धोका असतो, म्हणून ती गाडी तशीच घाटात नेऊ नये.

दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर स्प्रिंग थकल्या आहेत आणि जोडी बदलणे हाच उपाय आहे. रबरी बफर दोन वेटोळ्यांना एकत्र बांधून टाकतो. तेवढा भाग काम करेनासा होतो, उरलेल्या वेटोळ्यांवर ताण वाढतो आणि स्प्रिंग कडक झाल्याने थकलेला शॉकअप तिला आवरण्यास आणखीच कमी पडतो. रिकाम्या गाडीत मागे बसलेल्यांना दणके बसतात ते वेगळेच. वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी तो तात्पुरता बसवणाऱ्यांना मी हटकणार नाही, पण तुटक्या किंवा बसलेल्या स्प्रिंगवर तो मुळीच घालू नये.

प्रश्न : माझी ओम्नी सरळ चालते, पण मागून येणारे लोक म्हणतात की गाडी तिरकी चालते. हे खरे असू शकते का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : असू शकते, आणि मागून पाहणाऱ्याला ते चालकाच्या आधी दिसते. ओम्नीला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत आणि सबंध ॲक्सल त्या पाट्यांना यू बोल्टनी आवळलेला असतो. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू बोल्ट ढिले झाले, तर ॲक्सलची एक बाजू पुढे किंवा मागे सरकते आणि गाडी खेकड्यासारखी चालू लागते. सपाट जागी पुढची चाके सरळ करून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजावे. एका बाजूला ठळक फरक आला तर गाडी उचलून सेंटर बोल्टचे डोके, पाट्यांच्या टोकांच्या डोळ्यांतले बुश आणि शॅकल (पाट्याचे टोक बॉडीला जोडणारी हलती कडी) पाहून घ्यावेत. मागच्या बाजूला दोष सापडला नाही, तर पुढच्या लोअर आर्मचे बुश तपासावेत, कारण पुढचे चाक मागे रेटले गेले तरी टेप हाच फरक दाखवते. पाटे उघडण्याची वेळ आली तर जुने यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत, कारण ते एकदा ताणले गेलेले असतात. नवे बसवल्यानंतर दोन-तीनशे किलोमीटरनी पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.